मूल हरवल्यावरचे पहिले तास: पोलीस कोणता पुरावा आधी धरतात आणि घरच्यांनी कशाला हात लावू नये

मूल सापडत नाही म्हटल्यावर घर माणसांनी भरतं. शेजारी येतात, नातेवाईक येतात, सोसायटीचे सेक्रेटरी येतात. कुणीतरी आल्यागेल्यांना बसायला जागा हवी म्हणून मुलाचा पलंग आवरतं. कुणी त्याच्या फोनचा पॅटर्न चार वेळा घालून बघतं. कुणी नाक्यावर सापडलेली सायकल ढकलत दारात आणून लावतं. हेतू कुणाचाच वाईट नसतो, पण पोलीस पोचेपर्यंत मुलाचा माग सांगू शकणाऱ्या निम्म्या गोष्टी पुसल्या गेलेल्या असतात. अशा वेळी पुराव्याचं सर्वाधिक नुकसान गुन्हेगाराकडून नाही, तर मदतीला धावलेल्या हातांकडून होतं.

सुरुवातीला पुरावा कोणता आणि पसारा कोणता, हे कुणालाच माहीत नसतं. मूल रुसून मावशीकडे गेलंय, रस्ता चुकलंय, की कुणी नेलंय, हे पोलिसांनाही माहीत नसतं. म्हणून अनुभवी तपास अधिकारी दोन गोष्टी करतो. सगळ्यालाच पुरावा समजून चालतो, आणि जे लवकर नाहीसं होणार ते आधी धरतो. जमिनीवरचा वास आणि पाऊलखुणा लवकर पुसट होतात, माणसांच्या आठवणी दिवसभरात एकमेकींत मिसळतात, सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. फोनचा कॉल रेकॉर्ड मात्र कंपनीकडे बराच काळ राहतो.

आधी गुन्हा नोंदवा, चोवीस तासांची वाट बघू नका

‘चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत’ असा कुठलाही नियम नाही. ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि सुरुवातीला अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरूनच तपास करायचा. मूल म्हणजे १८ वर्षांखालची कोणतीही व्यक्ती. सतरा वर्षांच्या मुलीबद्दल ‘गेली असेल कुणाबरोबर, येईल’ असं सांगून नुसती मिसिंग नोंद करून परत पाठवणं कायद्यात बसत नाही. महाराष्ट्रात पूर्वी असे गुन्हे भारतीय दंड संहितेच्या (भादंवि) कलम ३६३ खाली नोंदवले जात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३७(२) लागतं.

पुराव्याच्या लेखात एफआयआर कशाला, असं वाटेल. कारण साधं आहे. गुन्हा क्रमांक पडला की दुकानदाराला नोटीस देता येते, मोबाइल कंपनीला पत्र जातं, पंचनामा करता येतो. नुसत्या अर्जावर यातलं बरंचसं अडतं. मूल प्रवासात हरवलं असेल तर ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तरही चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती मागून घ्या आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

ठाण्यात पोचायला वेळ लागणार असेल तर ११२ (आपत्कालीन मदत) किंवा १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) ला फोन करा. गाडीत किंवा स्थानकावर प्रकार घडला असेल तर रेल्वेचा १३९. या कॉलची वेळ नोंदली जाते आणि ‘घरच्यांनी उशिरा कळवलं’ हा मुद्दा पुढे उरत नाही.

ठाण्यात जाताना मुलाचा अलीकडचा साधा फोटो न्या. स्टुडिओत पावडर लावून काढलेला नको, रोजच्या केसांचा, हसताना दात दिसतील असा हवा. जन्मदाखला किंवा शाळेचा दाखलाही सोबत घ्या. हा दाखला ओळखीपुरता नसतो, वयाचा पुरावा असतो. अपहरणाचा हा गुन्हा उभा राहतो तो मूल अठराच्या खाली आहे यावर. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये वय ठरवताना शाळेच्या आणि पालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दाखल्यांना आधी मान आहे, ते नसतील तरच वैद्यकीय चाचणी. हा कागद पहिल्याच दिवशी फाइलला लागला की नंतरचा वाद टळतो.

पोलीस तुमचंच घर आधी तपासतील

याचा राग येतो, पण येऊ देऊ नका. लहान मुलं घरातच सापडल्याची उदाहरणं पोलिसांनी भरपूर पाहिलेली असतात. दिवाणाच्या पोटात, कपाटात, गच्चीवरच्या टाकीमागे, उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर झोपलेली. म्हणून पहिला शोध घरापासून सुरू होऊन जिना, लिफ्टची खोली, मीटरबॉक्स, पाण्याच्या टाक्या, विहीर, बांधकामाचे खड्डे असा बाहेर जातो. गाडीत अडकलेल्या किंवा पाण्यात पडलेल्या मुलाच्या बाबतीत मिनिटं मोजली जातात. तिथे पुरावा वगैरे विचार बाजूला ठेवून दार फोडायचं असतं.

आई-वडिलांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले जातात. घरात भांडण झालं होतं का, मार बसला होता का, वेगळ्या राहणाऱ्या पालकाशी ताब्यावरून वाद आहे का, कुणाचे पैसे देणं आहे का. हे प्रश्न आरोप म्हणून घेऊ नका. अब्रूपायी लपवलेली एक गोष्ट तपासाची पूर्ण रात्र चुकीच्या दिशेने घालवते.

खोली, दार, चप्पल, सायकल

मुलाच्या खोलीला कुलूप लावून किल्ली एकाच माणसाकडे द्या. केर काढू नका, चादर बदलू नका, कपडे धुवायला टाकू नका, कचऱ्याची बादली बाहेर ठेवू नका. उशीचा अभ्रा, अंगातून काढलेले कपडे, कंगवा, दात घासायचा ब्रश यांतून वास मिळतो, केस मिळतात, डीएनए मिळतो. त्या वस्तू कुटुंबातल्या इतरांच्या वस्तूंत मिसळल्या की त्यांची किंमत उतरते.

मग खोलीच्या उंबऱ्यात उभं राहून काय नाही याची यादी करा. दप्तर आहे का? चार्जर? आधार कार्ड, गुणपत्रिका, साठवलेले पैसे, आवडता शर्ट? नसलेल्या वस्तूही बोलतात. दहा वर्षांचा मुलगा नुसत्या चपलेवर गेला असेल तर तपास एका दिशेने जातो आणि सोळा वर्षांची मुलगी दोन ड्रेस व दाखले घेऊन गेली असेल तर दुसऱ्या. दुसऱ्या दिशेचा अर्थ ‘काळजीचं कारण नाही’ असा मात्र कुणी काढू नये. फूस लावून नेणारी माणसं कागदपत्रं आणायला सांगतात.

बाहेर काही सापडलं, म्हणजे चप्पल, पाण्याची बाटली, सायकल, तर ते जिथे आहे तिथेच राहू द्या. लांबून एक आणि जवळून एक फोटो काढा, जवळच्या फोटोत बाजूला पट्टी किंवा नाणं ठेवा, एक माणूस तिथे उभा करा आणि पोलिसांना कळवा. मऊ मातीत पाऊल किंवा टायरचा ठसा दिसला आणि पाऊस येण्याची चिन्हं असतील तर त्यावर घमेलं पालथं घाला, ठशाला न लागेल असं. पोलीस आल्यावर जागेचा पंचनामा होतो, बोटांचे ठसे घेणारं पथक येतं, वस्तू एकेक वेगळी बांधली जाते. ओलसर कापड सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कुजतं आणि डीएनए हाती लागत नाही. तुम्हाला नाइलाजाने काही उचलावंच लागलं तर नवं कागदी पाकीट घ्या, भाजीची कॅरीबॅग नको. आणि कुणी, कधी, कुठून उचललं ते लिहून ठेवा.

श्वान पथक बोलावलं असेल तर हँडलर मुलाची न धुतलेली वस्तू मागतो. ती तो स्वतः उचलेल, तुम्ही हातात धरून आणून देऊ नका. माग जितका ताजा आणि जितक्या कमी पायांखाली तुडवलेला, तितका कुत्र्याला सोपा जातो. म्हणून जमलेल्या गर्दीला दारापासून आणि मुलाच्या नेहमीच्या वाटेवरून बाजूला करणं हे शेजाऱ्यांचं खरं काम. कुत्रा एखाद्या घरापाशी थांबला म्हणून तिथला माणूस दोषी ठरत नाही, न्यायालयं या पुराव्याला दुबळाच मानतात. त्याचा उपयोग शोधाची दिशा ठरवण्यापुरता.

मुलाचा फोन

फोन मुलाबरोबर असेल तर सारखे कॉल करून त्याची बॅटरी संपवू नका. ठरावीक वेळाने एकाच नंबरवरून फोन करा, एक मेसेज टाका. नंबर, आयएमईआय (प्रत्येक हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक), सिम कुणाच्या नावावर आहे, कोणत्या गूगल खात्यावर फोन चालतो, हे सगळं पोलिसांना द्या. आयएमईआय फोनच्या खोक्यावर किंवा बिलावर असतो. पोलीस वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत कंपनीकडून फोनचं चालू ठिकाण मागवतात. इथे घाई असते, कारण फोन बंद झाला की शेवटचा टॉवर तेवढा उरतो. उलट सीडीआर, म्हणजे कुणाला किती वाजता फोन झाले ती यादी, मोबाइल कंपन्यांना दोन वर्षं जपावी लागते. ती दोन दिवसांनी आली तरी हरवत नाही.

फोन घरीच राहिला असेल तर पासवर्डचे अंदाज लावू नका. चुकीच्या प्रयत्नांनी तो लॉक होतो, काही फोनमधला मजकूर पुसलाही जाऊ शकतो. बंद करून परत चालूही करू नका. चालू अवस्थेत, एकदा उघडलेला फोन तज्ज्ञाला वाचायला सोपा असतो, बंद करून सुरू केलेला अवघड जातो. चार्जरला लावा आणि पोलिसांच्या हाती द्या. पासवर्ड ठाऊक असेल तर तो सांगा, पण स्वतः चॅट उघडून ‘कुठे आहे आमचं मूल’ असं कुणाला लिहू नका. समोरचा सावध होतो आणि मेसेज दोन्हीकडून पुसून टाकतो.

इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट किंवा एखाद्या ऑनलाइन खेळातलं खाते असेल तर त्याचं नाव कळणं महत्त्वाचं, आणि ते बहुधा आई-वडिलांपेक्षा वर्गमित्रांना ठाऊक असतं. अनेकांची दोन खाती असतात, एक घरच्यांनी बघायचं आणि एक खरं. पोलीस कंपन्यांच्या तपासयंत्रणांसाठीच्या पोर्टलवरून खात्यातली माहिती गोठवायला सांगू शकतात. मुलाच्या जिवाला धोका असेल तर तातडीची माहितीही मागवता येते. मूल वापरायचं तो घरचा संगणक, टॅब आणि वडिलांचा जुना फोन हेही विसरू नका.

सीसीटीव्ही: सगळ्यात जास्त इथेच हातचं जातं

डीव्हीआरमधली, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातली डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं. कुठे महिनाभराचं चित्रण राहतं, तर दुकानातल्या छोट्या डिस्कवर चार-पाच दिवसांचंच. पोलीस म्हणून आधी कॅमेऱ्यांची यादी करतात आणि मग बघायला बसतात. मुलाला शेवटचं जिथे पाहिलं तिथून निघणाऱ्या प्रत्येक वाटेवरचे कॅमेरे: दुकानं, बँक, एटीएम, पेट्रोल पंप, शाळा, एसटी स्टँड, रेल्वे स्थानक, टोलनाका. सोसायटीतल्या तरुण पोरांनी मदत करायचीच असेल तर ही यादी करावी. कॅमेरा कुठे आहे, कोणत्या दिशेला तोंड, मालकाचा फोन, आणि चित्रण किती दिवस राहतं.

यात एक बारीक गोष्ट आहे, पण तिच्यावर तपास फिरतो. डीव्हीआरचं घड्याळ जवळजवळ नेहमी चुकलेलं असतं. कुणाचं सात मिनिटं पुढे, कुणाचं वीज गेल्यामुळे चार तास मागे, एखाद्याची तारीखच भलती. एका दुकानात मूल ५:१० ला आणि पुढच्या दुकानात ५:०४ ला दिसलं, तर ते उलट चालत नव्हतं, घड्याळं वेगळी होती. म्हणून अधिकारी पडद्यावरची वेळ आणि आपल्या मोबाइलवरची वेळ एकाच क्षणी टिपून फरक पंचनाम्यात लिहितो. तुम्ही दुकानदार असाल तर पोलीस यायच्या आधी घड्याळ ‘दुरुस्त’ करू नका. मग खरा फरक कधीच कळत नाही.

पडद्याचा मोबाइलने काढलेला व्हिडिओ शोधासाठी उपयोगी आहे, काढून ठेवा. पण तो न्यायालयात मूळ चित्रणाची जागा घेत नाही. पोलीस डीव्हीआर ताब्यात घेतात किंवा त्यातून मूळ स्वरूपातली फाइल पेनड्राइव्हवर उतरवतात आणि तिची हॅश व्हॅल्यू नोंदवतात. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी हा आकडा बदलतो, त्यामुळे नंतर कुणी छेडछाड केली का ते समजतं. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, दुसरा तज्ज्ञ. जुन्या कायद्यातलं हेच ‘६५ ब’ चं प्रमाणपत्र. ते सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठणकावून सांगितलं तेही आपल्याच जालन्याच्या प्रकरणात, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या निवडणूक वादात. वाद निवडणूक कार्यालयातल्या चित्रणाचा होता, पण नियम तुमच्या गल्लीतल्या किराणा दुकानालाही तोच.

सोसायटीने चित्रण द्यायला ‘मॅनेजिंग कमिटीची मीटिंग होऊ दे’ म्हणणं मला अक्षम्य वाटतं. पोलिसांना नोटीस देऊन मागता येतंच, पण नोटिशीची वाट कशाला बघायची? मात्र चित्रण पोलिसांनाच द्या, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.

ज्यांनी पाहिलं त्यांची आठवण

रिक्षावाला, वॉचमन, भेळवाला, बालवाडीच्या ताई. यांच्याशी पोलीस एकेकट्याने बोलतात. चार जण एकत्र बसले की तासाभरात सगळ्यांना लाल शर्ट आठवू लागतो. तुम्हाला काही दिसलं असेल तर कुणाशी चर्चा करण्याआधी कागदावर लिहून काढा. किती वाजता, कुठून पाहिलं, अंगात काय होतं, सोबत कोण. वेळ आठवत नसेल तर तेव्हा काय चालू होतं ते लिहा: नळाला पाणी आलं होतं, आरतीचा भोंगा चालू होता, शाळेची बस नुकतीच गेली होती. पोलीस त्यावरून वेळ काढतात.

मुलाच्या मित्रमैत्रिणींना ठाण्यात बोलावू नये. १५ वर्षांखालील मुलांना आणि महिलांना चौकशीसाठी घराबाहेर बोलावता येत नाही, असं कायदा सांगतो. चांगला अधिकारी साध्या कपड्यांत घरी जातो आणि मित्राला आधी खात्री देतो, की तू काही सांगितलंस म्हणून तुला कुणी रागावणार नाही.

पत्रक काढताना एक खूण हातची ठेवा

पत्रकावर फोटो, वय, उंची, कपडे, ठिकाण, पोलीस ठाण्याचा क्रमांक असावा. पण एखादी खूण छापू नये. पाठीवरचा तीळ, कंबरेचा काळा दोरा, अंगठीवरचं अक्षर असं काहीतरी पोलिसांना सांगा आणि स्वतःजवळ ठेवा. ‘मूल आमच्याकडे आहे, पैसे पाठवा’ असे भामट्यांचे फोन येतातच. त्यांना ही खूण विचारली की खरं-खोटं कळतं. असा फोन आला तर घरातल्या एकाच शांत माणसाने घ्यावा, रेकॉर्ड करावा, मागचे आवाज लिहून ठेवावेत आणि काही पुसू नये.

पत्रकावरचे नंबर वर्षानुवर्षं चालणारे असू द्या. अंधेरीतून २०१३ मध्ये सात वर्षांची मुलगी नेली गेली, ती सापडली २०२२ मध्ये. तिच्या हरवल्याचं जुनं पत्रक इंटरनेटवर मिळालं तेव्हा त्यावरच्या क्रमांकांपैकी एकच लागला, तोही शेजाऱ्याचा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाकडे जातो. तेव्हा नव्या अधिकाऱ्याला पहिल्या दिवसाचे पंचनामे आणि नोंदीच वाचाव्या लागतात.

संशयिताचा फोटो मात्र कधीही फिरवू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, पोटासाठी फिरत होते.

तुम्हाला पंच म्हणून बोलावलं तर

जा, टाळू नका. पंचनाम्यात सुरू-संपल्याची वेळ, वस्तू नेमकी कुठे होती, कशात बांधली, सील कसं लावलं हे असतं. लेबलवर तुमची सही घेतली जाते. वाचूनच सही करा, कोऱ्या कागदावर कधीच नाही. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं आहे, पोलीस ते ई-साक्ष्य अॅपवर करतात. वस्तू पुढे मुद्देमाल कारकुनाकडे आणि तिथून प्रयोगशाळेत जाते, मुंबईत कलिन्याला किंवा पुणे, नागपूर, नाशिक अशा विभागीय ठिकाणी. प्रत्येक हाताची नोंद लागते. वर्षांनी तुम्हाला न्यायालयात ‘हेच पाकीट का?’ असं विचारतील, तेव्हा ओळखायची असते ती स्वतःची सही.

मूल सापडल्यावर

मायेने लगेच आंघोळ घालून कपडे बदलावेसे वाटतात. थांबा. आधी डॉक्टर. कपडे बदलावेच लागले तर काढलेले न धुता कागदी पाकिटात ठेवा. ‘कोण होतं, काय केलं’ असं दहा जणांनी दहा वेळा विचारू नका. प्रश्नांतूनच उत्तरं मुलाच्या तोंडी जातात आणि पुढे वकील नेमकं तेच दाखवतो. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सोप्रमाणे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याप्रमाणे, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशाशिवाय घेते. मुलीची तपासणी महिला डॉक्टर करतात, पालक किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत राहू शकतं.

त्याच दिवशी सगळ्या ग्रुपवरची पत्रकं काढायला लावा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मुळे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. कालपर्यंत मदत असलेला फोटो आज गुन्हा ठरू शकतो. जप्त झालेला फोन किंवा सायकल परत हवी असेल तर न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांगितल्यावर परत हजर करण्याच्या लेखी हमीवर मिळते. मिळाली तरी खटला संपेपर्यंत ती विकू नका आणि फोन रिसेट करू नका, न्यायालय ती पुन्हा हजर करायला सांगू शकतं.